चाकाच्या स्टडचे आटे गेले तेव्हा

टायर बदलून घेतल्यापासून ब्रेक दाबला की स्टिअरिंगला बारीक थरथर यायला लागली होती. गावातल्या रस्त्यांवर फारशी जाणवायची नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरायला लागलं की मात्र हाताला लगेच कळायचं. त्या उतारावर आजवर किती अपघात झालेत हे पुण्यात कुणाला वेगळं सांगायला नको. तिथून रोज जायचं आणि ब्रेकबद्दल मनात शंका ठेवायची, हे मला जमणारं नव्हतं. बॅलन्सिंग तपासून घेतलं, अलाइनमेंटही. दोन्ही ठीक निघालं. मग एका रविवारी वारज्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढची चाकं काढून ब्रेकच्या डिस्क स्वतःच बघायचं ठरवलं.

गाडी मारुतीची जुनी हॅचबॅक, चाकं अलॉयची, प्रत्येक चाकाला चार स्टड, म्हणजे चाकामागच्या फिरत्या भागातून (हबमधून) बाहेर आलेले आट्यांचे दांडे, ज्यांवर चाकाचे नट बसतात. जॅक लावायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे असतात, म्हणून तिथूनच सुरुवात केली. डाव्या चाकाचा पहिला नट गाडीसोबतच्या पान्याने हलेना. पान्यावर पाय देऊन उभी राहिले तेव्हा करकरत सुटला. दुसराही तसाच. तिसऱ्याचे कोपरे आधीच झिजलेले होते, पाना त्यावरून सटकायला लागला. चौथा सुटला, पण सुटल्यावरही जडच. एरवी नट एकदा सैल झाला की पुढे बोटांनी भरभर निघतो. हा शेवटच्या आट्यापर्यंत पान्यानेच काढावा लागला. हातात आला तेव्हा त्याच्या आतून चकचकीत बारीक तार लोंबत होती. नखाने ओढली तर वेटोळी सुटत गेली. ते स्टडचे आटे होते, मुळापासून सोललेले.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या दादांना बोलावलं. ते भला माणूस आहेत, अडीअडचणीला धावून येतात. त्यांनी स्टड पाहिला आणि म्हणाले, "ताई, टेन्शन घेऊ नका. तीन नटांवर गाडी मुंबईला जाऊन येते. आणि हा चौथा मी गनने बसवून देतो, हलायचाच नाही."

इथे मला स्पष्ट लिहायला हवं, कारण हे वाक्य मी तेव्हापासून अनेकांकडून ऐकलंय आणि ते ऐकून लोक निर्धास्त गाडी चालवतात. आटे मेलेल्या स्टडवर नट गनने, म्हणजे टायरवाल्यांच्या हवेवर चालणाऱ्या पान्याने, दाबून बसतो, पण तो धरत काहीच नाही. तो अडकलेला असतो, घट्ट नसतो. आणि तीन नटांवर गाडी जाते हे खरं असलं तरी कशी जाते ते बघायला हवं.

ते मला समजावलं खालच्या मजल्यावरच्या काकांनी. त्यांचं उभं आयुष्य पिंपरीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर गेलं, आणि नट किती आवळायचा हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. चाक स्टडवर टांगलेलं असतं असं आपल्याला वाटतं. तसं ते नसतं, नसायला हवं. नट आवळला की स्टड अगदी किंचित ताणला जातो, आणि त्या ताणामुळे चाक, डिस्क आणि हब एकमेकांवर दाबले जातात. गाडीचं वजन आणि ब्रेकचा जोर पेलतं ते या दाबातून तयार झालेलं घर्षण. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत नटांसाठी ८५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे आवळताना लावायचा पिळाचा जोर, दिलाय. काकांनी तिथल्या तिथे ढोबळ हिशेब केला. १२ मिलिमीटरच्या कोरड्या स्टडवर एवढा टॉर्क लावला की एक स्टड चाकाला जवळपास साडेतीन टनांच्या जोराने दाबून धरतो. चारातला एक गेला की दाबाचा चौथा हिस्सा जातो, आणि तोही एकाच बाजूचा. मग चाक हबवर सूक्ष्म हालायला लागतं, शेजारचे स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकतात आणि सरळ होतात. एखादी पट्टी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा एक दिवस शेजारचा स्टड तुटतो. मग उरतात दोन.

"तीन नटांवर गाडी चालते, पण गॅरेजपर्यंत," काका म्हणाले. "तेही हळू, आणि दुसरा इलाज नसेल तर."

माझ्याकडे इलाज होता. गाडी घरीच उभी होती. ती तिथून हलवायची नाही, मेकॅनिकलाच घरी बोलवायचं, असं ठरलं.

पण त्याआधी हे झालं कसं ते कळायला हवं होतं, नाहीतर नवीन स्टडचीही तीच गत झाली असती. काढलेले नट काकांनी जमिनीवर कागदावर मांडले आणि चौथा उचलून माझ्या हातात दिला. "याचं बूड बघ." बाकीच्या नटांचं टोक तिरकं, शंकूच्या आकाराचं होतं. याचं गोलसर होतं. षटकोन तोच १९ मिलिमीटरचा, त्यामुळे पाना बरोबर बसतो आणि वरून काही कळत नाही. तो दुसऱ्याच गाडीचा नट होता. होंडाच्या गाड्यांना असे गोल बुडाचे नट येतात, आणि त्यांचे आटे असतात १२ बाय १.५ चे. मारुतीचे १२ बाय १.२५. म्हणजे जाडी तीच, पण एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचं अंतर वेगळं. असा नट हाताने लावला तर दोनेक वेढे सहज जातो आणि मग अडतो. हाताने लावणारा माणूस तिथेच थांबतो, नट काढून बघतो. गनला थांबणं माहीत नाही. टायरच्या दुकानात चार गाड्यांचे नट एका डब्यात पडलेले असतात. त्यातला एक माझ्या स्टडवर टेकवला गेला आणि गनचा घोडा दाबला गेला. अडलेला नट नव्या खाचा पाडत आत गेला, बाहेर येताना ते सगळं सोलून घेऊन आला.

थरथरीचं उत्तरही इथेच मिळालं. गोल बूड शंकूच्या खड्ड्यात बसतं तेव्हा ते फक्त एका बारीक कड्यावर टेकतं. एका बाजूला दाब नाही, दुसऱ्या बाजूला गनने पुस्तिकेच्या कितीतरी पट आवळलेले नट. अशा असमान दाबाने डिस्क किंचित तिरकी बसते आणि ब्रेक लागला की पॅडला दर फेऱ्याला ती जाणवते. मी बॅलन्सिंगच्या मशीनवर जे शोधत होते ते तिथे सापडणारच नव्हतं, कारण मशीनवर चाक वेगळ्याच शाफ्टवर बसवतात.

स्टड आणायला नाना पेठेत गेले. गाडीचा लहानसहान भाग कुठे मिळेल असं पुण्यात कुणालाही विचारा, बोट तिकडेच दाखवतील. जुना नट आणि मोबाइलवर स्टडचे फोटो घेऊन गेले होते. काउंटरवरच्या काकांनी आधी गाडीचं मॉडेल आणि साल विचारलं, मग पुढचं चाक की मागचं, मग लोखंडी रिम की अलॉय. स्टड वरून सगळे सारखेच दिसतात. फरक असतो तो डोक्याखालच्या खाचा पाडलेल्या भागात, जो हबच्या भोकात ठोकून बसतो. तिथे दशांश मिलिमीटरचा फरक असला तरी स्टड एकतर बसत नाही किंवा बसून फिरत राहतो. त्यांनी तो भाग व्हर्निअरने मोजून दाखवला.

मी चुकीच्या नटाची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी एक फार सोपी खूण दाखवली. १.२५ चा एक स्टड आणि १.५ चा एक स्टड घेतला, दोघांचे आटे एकमेकांत अडकतील असे शेजारी धरले आणि ट्यूबलाइटच्या समोर धरले. पहिला एखादा आटा एकमेकांत बसला. पुढे मधून उजेड दिसायला लागला आणि मध्येच आट्यावर आटा आला. दहा आट्यांत एकाचं अंतर साडेबारा मिलिमीटर होतं, दुसऱ्याचं पंधरा. मग त्यांनी १.२५ चे दोन स्टड तसेच धरले. उजेड कुठेच नाही. कुठलंही मोजमाप जवळ नसलं तरी ही तपासणी कुणालाही करता येते, आणि मी आता नवा नट घेताना दरवेळी करते.

स्वस्तातले स्टडही पुढे आले. ज्याच्या डोक्यावर ना ताकदीचा आकडा ना कंपनीचा ठसा, तो मी घेतला नाही. चाकाच्या स्टडसाठी १०.९ प्रतीचं पोलाद वापरतात. यातल्या १० चा अर्थ १००० मेगापास्कलची ताणशक्ती, आणि पुढच्या ९ चा अर्थ त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत ताण गेला की स्टड कायमचा लांबायला लागतो. पुढच्या एका हबचे सगळे स्टड आणि नट घेतले, कारण मोडलेल्याच्या शेजाऱ्यांची अवस्था अजून माहीत नव्हती. येताना रविवार पेठेतल्या बोहरी आळीत शिरले आणि अर्धा इंची टॉर्क रेंच घेतला, म्हणजे ठरवलेल्या जोरावर टक् करणारा पाना, २८ ते २१० न्यूटन मीटरचा. सगळ्या कामात खरा खर्च झाला तो यावर. स्टड-नटांचे पैसे त्यापुढे किरकोळ होते.

मेकॅनिक अण्णा संध्याकाळी स्कूटरवर पेटी घेऊन आले. आधी झिजलेला नट. लोखंडी रिम असती तर त्यांनी छिन्नीने मारून फिरवला असता किंवा वर दुसरा नट वेल्ड करून काढला असता. अलॉयमध्ये नट खोल खड्ड्यात असतो, छिन्नी चाकालाच लागते, वेल्डिंगच्या आचेने रंग जातो. त्यांच्याकडे आतून उलट्या पिळाची धार असलेली गोटी, म्हणजे सॉकेट, होती. ती नटावर हातोडीने ठोकून बसवली. सोडवण्याच्या दिशेने जोर दिला की ती नटात आणखी रुतते. लांब दांडा लावून दोन्ही हातांनी ओढल्यावर मोठा आवाज झाला आणि नट सुटला. अशी गोटी नसेल तर एक नंबर लहान गोटी ठोकून बसवतात, तेही बहुतेक वेळा चालतं, पण ती गोटी नंतर नटातून काढायला वेळ जातो.

गाडी जॅकवर, खाली स्टँड, मागच्या चाकांना विटा. चाक काढलं. कॅलिपरचे, म्हणजे ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागाचे, मागचे दोन बोल्ट सोडून तो तारेने स्प्रिंगला टांगला. ब्रेकच्या होजवर त्याचं वजन येऊ द्यायचं नाही, हे अण्णांनी न विचारता केलं, आणि तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. डिस्क गंजून हबला चिकटली होती. डिस्कवर दोन लहान आटेदार भोकं असतात. त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट आलटून पालटून आवळत गेलं की डिस्क आपोआप पुढे ढकलली जाते. हातोडा मारायची गरजच पडत नाही.

मेलेला स्टड काढायला अण्णांनी हातोडा उचलला तेव्हा काका मध्ये पडले. समोरून घाव घातला की स्टड मागे निघतो हे खरं, आणि बहुतेक ठिकाणी तसंच करतात. पण प्रत्येक घाव हबमधल्या बेअरिंगवरही बसतो. अण्णांनी थोडा विचार केला, पेटीतून बॉल जॉइंटचा पुलर, म्हणजे स्क्रू आवळून भाग दाबून सोडवायचं हत्यार, काढला आणि हब फिरवत स्टड मागच्या मोकळ्या जागेसमोर आणला. आमच्या गाडीत मागे अशी जागा मिळाली. काही गाड्यांत ती मिळत नाही, तिथे हब आणि बेअरिंग बाहेर काढावं लागतं, आणि मग काम बरंच मोठं होतं. कुणी आकडा सांगितला तर आधी हे विचारून घ्यावं. पुलर आवळत गेल्यावर स्टड एकदम टक्कन सुटला आणि मागे पडला.

मग उरलेल्या स्टडांवर नवा नट बोटांनी फिरवून पाहिला. दोनांवर तो तळापर्यंत सरळ गेला. एकावर अर्ध्यात जड झाला. आटे दिसायला छान, कुठे ओरखडा नाही. अण्णा म्हणाले, डाय (आटे पाडायचं हत्यार) मारून साफ करू. काकांनी नाही म्हटलं, आणि मला त्यांचं पटलं. टोकाचा आटा ठोकर लागून दबला असेल तर डाय फिरवून चालतं. मधले आटे नटाला अडवत असतील तर स्टड तिथे ताणून लांबलाय, आट्यांमधलं अंतर बदललंय. डाय फिरवली तर नट जाईल, पण ताणलेलं पोलाद पूर्ववत होणार नाही, उलट आणखी थोडं खरवडून जाईल. तोही बदलला.

नवा स्टड मागून भोकात घातला. बोटाच्या जोराने तो पूर्ण आत जाता कामा नये. गेला तर भोक मोठं झालंय. आमचा खाचांपाशी अडला. समोरून चार-पाच वॉशर घातले, त्यांच्यामध्ये किंचित ग्रीस, आणि एक जुना चांगल्या आट्यांचा नट उलटा, म्हणजे सपाट बाजू वॉशरकडे करून लावला. हातपान्याने आवळत गेलं की स्टड हळूहळू खेचला जातो. नवा नट यासाठी वापरायचा नाही, त्याचे आटे या ओढाताणीत खराब होतात. आणि गन तर अजिबातच नाही. पाना एकदम जड झाला तेव्हा मी मोबाइल हबच्या मागे नेऊन टॉर्च लावून फोटो काढला. एका बाजूला डोक्याखाली केसाएवढी फट होती. अण्णांनी आणखी अर्धा वेढा दिला. दुसऱ्या फोटोत फट नव्हती. डोकं हबला पूर्ण टेकलं नाही तर पुढे चालवताना ते बसतं, आणि तेवढाच नट सैल होतो.

चाक चढवायच्या आधी वाद झाला तो ग्रीसवरून. अण्णांचं म्हणणं, पुण्याच्या पावसात नट गंजून जाम होतात, आट्यांना ग्रीस लावून टाकू, पुढच्या वेळी तुम्हालाच सोपं जाईल. त्यांचं म्हणणं अनुभवाचं होतं. काकांचं म्हणणं हिशेबाचं. ८५ चा आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे. ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं, रेंच तेच ८५ दाखवतो, पण स्टडवरचा ताण सहज तिसऱ्या हिश्शाने वाढतो. शेवटी आटे तारेच्या ब्रशने कोरडे साफ केले, हबच्या आणि चाकाच्या टेकणाऱ्या पृष्ठभागावरचा गंज घासून काढला, आणि ग्रीसचं बोट फक्त हबच्या मधल्या गोल कडेला फिरवलं, जिथे अलॉय हमखास चिकटतं. यावर अण्णाही खूश झाले.

नट सगळे आधी बोटांनी, तळापर्यंत. मग पान्याने हलके, समोरासमोरचे. गाडी खाली घेतल्यावर टॉर्क रेंचने पुन्हा त्याच क्रमाने, आधी ५० वर आणि मग ८५ वर. टक् झालं की थांबायचं. पुन्हा एकदा खात्रीसाठी ओढायचं नाही. काम झाल्यावर रेंचचा आकडा सर्वांत खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते आणि रेंच खोटं बोलायला लागतो. उरलेल्या चाकांचेही सगळे नट सोडून असेच पुन्हा लावले. त्यांचे स्टड चांगले निघाले.

टायरच्या दुकानात तो गोल बुडाचा नट घेऊन गेले. मालकांनी पाहिला, नवीन नट देऊ केला. मला नट नको होता. मी एवढंच सांगितलं की इथून पुढे माझ्या गाडीचा नट आधी हाताने लावायचा आणि शेवटचं आवळणं मी माझ्या रेंचने करणार. पोरगा कंटाळला तरी चालेल. आता तिथे गेले की मी गाडीशेजारी उभी राहते, आणि तो पोरगा आपणहून गन बाजूला ठेवतो.

माझ्या मैत्रिणीची पोलो आहे, चाकणच्या कारखान्यातली. तिला हे सगळं सांगितल्यावर तिने विचारलं, माझ्या गाडीत स्टड कुठे दिसतात? तिच्या गाडीत स्टड नसतातच. चाकातून बोल्ट आत जाऊन थेट हबच्या आट्यांत बसतो, १४ बाय १.५ चा. तिथे वाकडा बोल्ट गनने घुसवला तर बोल्ट नवीन मिळतो, पण आटे हबचे जातात. म्हणून मी तिला आधी बोल्ट बोटांनी लावून बघायला शिकवलं, आणि गाडीसोबत आलेला पाना तिच्या उंचीला पुरत नाही म्हणून डिकीत एक लांब दांडा ठेवायला सांगितलं, फक्त सोडवण्यासाठी.

नव्या स्टडचे नट थोडं चालवल्यावर पुन्हा तपासायचे असतात. अलॉयसाठी साधारण ५० ते १०० किलोमीटरनंतर. खेड शिवापूरच्या बाजूला एक फेरी करून आले, थरथर गेली होती. चाकं थंड होऊ दिली आणि ८५ वर रेंच लावला. जुन्या स्टडच्या नटांनी जागेवरच टक् केलं. नव्या दोनांतला एक किंचित फिरला, मग टक्. पुढच्या रविवारी पुन्हा रेंच लावला तेव्हा तोही हलला नाही.